कचराकुंडीचं झाकण आणि जातीची बिजागरी

स्वच्छतेवर भाषण करायला या देशात कोणालाही आवडतं. २ ऑक्टोबर आला की कोऱ्या झाडूसकट फोटो निघतात. आधी पाचोळा टाकायचा आणि मग तोच झाडायचा, हेही आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पण कचराकुंडीच्या झाकणावर चार वाक्यं बोला म्हटलं की माणसं हसतात. आमच्या चळवळीतलेही हसले. संविधानावर घाला येतोय, पोरांच्या शिष्यवृत्त्या रखडल्यात आणि तुम्ही बिजागरी घेऊन बसलात? हो, बसलोय. त्या बिजागरीत अडकणारी बोटं कोणाची आहेत, हे एकदा पाहिलं की हसू थांबतं.

घरातल्या डब्याची ही गोष्ट नाही. मंगल कार्यालय, हॉटेल, दवाखाना, बाजार, बसस्थानक अशा ठिकाणी मागच्या बाजूला मोठी लोखंडी पेटी उभी असते. हजार-अकराशे लिटरची, आणि वर बिजागरीवर फिरणारं पत्र्याचं झाकण. ती पेटी कोणी विकत घेतली हे बिलावर लिहिलेलं असतं. ती रोज कोण उघडतं हे कुठेच लिहिलेलं नसतं. गावात मात्र सगळ्यांना माहीत असतं. बौद्ध, मातंग, मेहतर, वाल्मिकी. आडनाव विचारायचीसुद्धा गरज पडत नाही.

निलंगा आमचं तालुक्याचं गाव. निलंगा राईसचं नाव आता लातूर, सोलापूर, पुण्यापर्यंत हातगाड्यांवर रंगवलेलं दिसतं, आणि त्याचा आम्हालाही अभिमान आहे. पण भात खाऊन झाल्यावर उरलेलं उष्टं, द्रोण, पाण्याच्या बाटल्या कुठे जातात, हे नाव रंगवणाऱ्याला माहीत नसतं. लग्नसराईत तर एका दुपारी शेकडो पानं उठतात. पुढे कमान, फुलं, डीजे. मागे पेटी. आणि त्या पेटीपाशी पदर खोचून उभी असलेली एक बाई.

गेल्या लग्नसराईत आम्ही तिघं-चौघं टेप घेऊन अशाच एका पेटीजवळ गेलो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण दोष त्या एका मालकाचा नाही. या नमुन्याची पेटी कुठल्याही तालुक्याच्या गावी सापडेल. पेटीची उंची १.२ मीटर. झाकण १.२ मीटर लांब, १ मीटर रुंद, पत्रा २ मिलिमीटर जाड. लोखंडाचं वजन घनमीटरला ७,८५० किलो धरलं की नुसतं झाकण भरतं जवळपास १९ किलो. कडेची पट्टी आणि मूठ वेगळी. बिजागरीवर फिरणारं झाकण पुढच्या कडेला धरून उचललं की निम्मा भार हातावर येतो. म्हणजे साडेनऊ किलो, तेही एका हातावर, कारण दुसऱ्या हातात उष्ट्याची बादली असते. शिवाय हा हिशोब बिजागरी मोकळी फिरत असेल तरचा आहे. ती मोकळी कधीच नसते. आंबलेल्या अन्नाचं पाणी लोखंड खातं, आणि ग्रीस लावायचं काम कोणाच्याच यादीत नसतं.

आता झाकण पडलं तर काय होतं ते बघा. पेटी भिंतीला चिकटून ठेवलेली होती. त्यामुळे झाकण पुरतं मागे कलत नाही, जेमतेम सरळ उभं राहतं. वाऱ्याचा झोत आला, बादलीचा धक्का लागला की ते परत येतं. १९ किलोच्या झाकणाचा मध्य अर्धा मीटर खाली येतो तेव्हा कडेला जो तडाखा बसतो, तो ५ किलोचा घण माणसाच्या उंचीपेक्षाही थोड्या वरून सोडल्यासारखा असतो. खाली मनगट असो, बोटं असोत की आत वाकलेलं डोकं असो.

पण आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं ते तिसऱ्या मापानं. झाकण उघडून उभं केलं की त्याची वरची कड जमिनीपासून किती उंच जाते? १.२ अधिक १, म्हणजे २.२ मीटर. भारतातल्या बाईची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर. टाचा उंचावून, हात ताणून ती पोचते १.९ मीटरच्या आसपास. म्हणजे जे झाकण तिनं जीव लावून उघडलं, ते बंद करायला तिचा हातच पुरत नाही. वीत-दीड वीत कमी पडतो. आम्ही तिथल्या मावशींना विचारलं, झाकण उघडंच का ठेवता? त्या म्हणाल्या, "हात पुरंना की दादा, वर जाऊन बसतंय ते. काठीनं ओढावं तर अंगावर येतंय." एवढंच बोलून त्या कामाला लागल्या.

इथे थांबून नीट विचार करा. गावागावांत तक्रार काय असते? सफाईवाले झाकण लावत नाहीत. कुत्री, डुकरं, मोकाट जनावरं पेटीत तोंड घालतात, पाऊस आत पडतो, घाण वास सुटतो, माश्या होतात. सुशिक्षित नागरिक मोबाइलवर फोटो काढून तक्रार टाकतात. मुकादम हजेरी कापायची धमकी देतो. आळशी लोक, कामचुकार लोक, "यांना कितीही द्या, हे असेच." हा शेवटचा शेरा आमच्या आज्यांनी ऐकलाय, आयांनी ऐकलाय, आम्हीही ऐकतोय. आणि खरं कारण काय निघालं? तीस सेंटिमीटर. पेटी आखणाऱ्यानं बाईची उंची मोजली नाही, म्हणून त्या बाईची जात आळशी ठरली.

आणि हे तंत्र कोणाला जमत नाही असंही नाही. कोणत्याही किराणा दुकानातला आइस्क्रीमचा फ्रीजर उघडून पाहा. झाकण दोन बोटांनी उचलतं, आणि त्याच्या बिजागरीत स्प्रिंग असते, त्यामुळे ते अर्ध्यावरही थांबतं, आपटत नाही. मोटारीची डिकी घ्या. गॅसभरला दांडा तिला अलगद वर नेतो आणि तिथेच धरून ठेवतो. पाच रुपयांची कुल्फी घेणाऱ्या पोराच्या बोटांचा विचार झालाय, बॅगा ठेवणाऱ्या साहेबाच्या डोक्याचा विचार झालाय. रोज शंभर वेळा हात घालणाऱ्या बाईच्या बोटांपाशी येऊन मात्र सगळं अभियांत्रिकी ज्ञान संपतं. ते का संपतं, हा खरा प्रश्न आहे.

उत्तर बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दिलंय. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. हे तत्त्व लोखंडी पेटीला लावून बघा. फ्रीजर विकत घेणारा दुकानदार तो स्वतः उघडतो. झाकण बोटावर पडलं तर दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन जातो. पेटीचं तसं नाही. आखणारा एक, विकणारा दुसरा, घेणारा तिसरा, बिलावर सही करणारा चौथा. या चौघांपैकी एकाचाही हात आयुष्यात त्या झाकणाखाली जात नाही. जिचा जातो तिची तक्रार या चौघांपैकी एकाच्याही कानावर पडत नाही. त्यात फॅब्रिकेशनचा दर किलोवर ठरतो. पत्रा जाड तेवढं बिल मोठं. वर "मजबूत माल आहे" म्हणून कौतुक. हातावरचा भार म्हणजे कोणाचा तरी नफा आहे, हे आमचं शब्दालंकारिक वाक्य नाही, तो काट्यावर मोजता येणारा नफा आहे.

कायदा काय म्हणतो? २००० सालच्या नागरी घनकचरा नियमांत स्पष्ट होतं की कचरा साठवायची व्यवस्था उघड्यावर पडणारी नसावी, वापरायला सोपी असावी, आणि कचरा हातानं हाताळणं बंद असावं. टाळताच येत नसेल तर कामगाराच्या सुरक्षिततेची काळजी घेऊनच. त्यांच्या जागी आलेल्या २०१६ च्या नियमांनी हातमोजे, बूट, रेनकोट, मास्क देणं बंधनकारक केलं, आणि दिवसाला १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या आस्थापनांवर वेगळी जबाबदारी टाकली. कागद चांगला आहे. पण हातमोजा १९ किलोचा पत्रा अडवत नाही. मोजा बोट ओलं होऊ देत नाही, चेंगरायचं थांबवत नाही. संरक्षण कामगाराच्या अंगावर चढवायचं आणि धोका जिथे आहे तिथे तसाच ठेवायचा, ही युक्ती जुनी आहे.

आणि बोटांची किंमत? तीही ठरलेली आहे. कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेलं एक परिशिष्ट आहे. त्यात अख्खी तर्जनी गेली तर कमाईची क्षमता १४ टक्क्यांनी घटली असं धरतात, तर्जनीचं एक पेर गेलं तर ९ टक्के, हाड शाबूत राहून नुसतं टोक तुटलं तर ५ टक्के. आम्ही ही यादी बैठकीत वाचून दाखवली तेव्हा बायका आपापली बोटं बघायला लागल्या. ठेकेदाराचा माणूस असला तरी भरपाईसाठी मूळ मालकाला जबाबदार धरता येतं, हेही त्याच कायद्यापासून चालत आलंय. पण त्यासाठी अपघात कुठेतरी नोंदलेला हवा. कंत्राटी बाईचं बोट चेंगरलं तर ती हळद लावते, चिंधी बांधते आणि दुसऱ्या दिवशी कामावर येते, कारण न येणाऱ्याचं नाव हजेरीतून कमी होतं. नोंद नाही म्हणून अपघात नाही. अपघात नाही म्हणून झाकणात दोष नाही.

कचऱ्याच्या यंत्रातला दोष आणि माणसाचा दर्जा यांचा संबंध आमच्या डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकेत मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ ला एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचरागाडीच्या मागच्या भागात बसले होते. गाडीचं दाबयंत्र अचानक सुरू झालं आणि दोघं त्यात चिरडून मेले. यंत्रं सदोष आहेत अशा तक्रारी आधी झाल्या होत्या. त्यानंतर सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातल्या पाट्यांवर पगाराचा आकडा नव्हता. मी माणूस आहे, एवढंच होतं. त्याच संपाला पाठिंबा द्यायला मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला आले आणि ४ एप्रिलला तिथेच त्यांचा खून झाला. एका बिघडलेल्या यंत्राच्या तक्रारीत किती मोठा प्रश्न दडलेला असतो, हे ज्यांना बिजागरी क्षुल्लक वाटते त्यांनी मेम्फिसकडून शिकावं.

आता आक्षेप. शासकीय भाषा बोलणारे म्हणतात, आता शहरं कुंडीमुक्त होत आहेत, घंटागाडी दारोदार येते, मग झाकणाचा प्रश्न उरतोच कुठे? रस्त्यावरची कुंडी उचलली म्हणजे कचरा उचलला असं होत नाही. ती मंगल कार्यालयाच्या आवारात गेली, हॉटेलच्या मागच्या बोळात गेली, दवाखान्याच्या जिन्याखाली गेली. पूर्वी ती चार लोकांना दिसायची, आता दिसत नाही एवढाच फरक. दुसरे म्हणतात, झाकणं चोरीला जातात, सुधारून काय उपयोग? जातात, कारण लोखंड भंगारात विकलं जातं आणि कपाटाच्या चार इंची बिजागऱ्या एका फटक्यात निघतात. हा तर झाकण बदलण्याच्या बाजूचाच मुद्दा झाला.

तिसरा आक्षेप घरातला आहे, आणि तो आम्ही मनापासून ऐकतो. आमचे काही साथी म्हणतात, बाबासाहेबांनी ही घाणीची कामं सोडायला सांगितलं. झाडू फेका असं सांगायचं सोडून तुम्ही झाडूची मूठ गुळगुळीत करताय. काम सोपं केलं की जात त्या कामात कायमची रुतेल.

या आक्षेपात तथ्य आहे. भंगीकाम थोर आहे, पवित्र सेवा आहे, असं सांगून माणसाला त्यातच ठेवण्याच्या गांधीवादी युक्तीवर बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात जे कोरडे ओढले, ते आजही लागू आहेत. गळ्यात हार घालून, पाय धुऊन सफाई कामगारांचे सोहळे करणाऱ्यांनी ते वाचावं. पण त्याच बाबासाहेबांनी १९३५ साली मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ काढला. ज्यांनी हे काम सोडावं अशी त्यांची इच्छा होती, त्यांच्याच पगारासाठी, रजेसाठी, हक्कासाठी. उद्या सुटायचं म्हणून आज चेंगरून घ्या, असं त्यांनी कधी सांगितलं नाही.

आणि अनुभव काय सांगतो? जड झाकणानं आजवर एकाही घराची सुटका केलेली नाही. उलट आईचं बोट गेलं की बदलीवर कोण येतं? बारावीतली पोरगी. चार दिवसांसाठी म्हणून येते, परीक्षा हुकते, मग तिथेच राहते. कायम कामगारांना लाड-पागे समितीच्या शिफारशींचा आधार तरी आहे, वारसाला नोकरी मिळते. (राज्य आपल्याला वारसा म्हणून झाडू देतं, यावर एक वेगळा लेख लिहावा लागेल.) कंत्राटी बाईला तो वारसाही कागदावर मिळत नाही, नुसता झाडू मिळतो. त्यामुळे इजा टाळणं हे सुटकेच्या विरुद्ध नाही. पोरीचं कॉलेज वाचवणं हाच तर सुटकेचा रस्ता.

शिवाय एक गोष्ट आम्ही नीट पाहिलीय. सफाईच्या कायम पदाची जाहिरात निघाली, पगार आयोगाप्रमाणे असला, की अर्ज सगळ्या जातींचे येतात. निवड झाल्यावर वरच्या जातीचा उमेदवार कार्यालयात टेबलावर बसतो आणि कुंडीपाशी पुन्हा आपलाच माणूस. पगाराला जात नाही, झाकणाला आहे. काम जितकं घाण आणि धोक्याचं ठेवाल, तितकं ते एकाच वस्तीसाठी राखीव राहील. हे १०० टक्के आरक्षण आहे, आणि त्याच्या विरोधात कोणीही कोर्टात गेलेलं आम्ही ऐकलं नाही. गटार आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्यांच्या केंद्र सरकारच्याच नोंदणीत सुमारे ९२ टक्के माणसं अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी निघाली, हे २०२४ मध्ये जाहीर झालं.

मग मागणी काय? झाकण दोन पाकळ्यांचं करा, अर्धं इकडे, अर्धं तिकडे उघडणारं. पत्रा तोच ठेवला तरी हातावरचा भार साडेनऊवरून पावणेपाच किलोवर येतो, पडल्याचा तडाखा चौथाई होतो, आणि उघडलेली कड २.२ ऐवजी १.७ मीटरवर राहते. तिथे मावशींचा हात पुरतो. लोखंडाऐवजी ५ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक वापरलं तर अख्ख्या झाकणाचं वजन सहा किलोंच्या आत येतं, आणि भंगारवाला त्याला विचारणार नाही. कपाटाच्या बिजागऱ्या नकोत. पेटीच्या बाहेरच्या अंगाला नळीचे तुकडे वेल्ड करून त्यांतून एकच जाड सळई आरपार घाला. आंबलेलं पाणी तिच्यापर्यंत पोचत नाही, सळई ओढली की झाकण बदलता येतं. सरळ उभ्यापेक्षा थोडं मागे जाऊन झाकण साखळीवर थांबलं पाहिजे, आणि त्यासाठी पेटी भिंतीपासून हातभर पुढे ठेवली पाहिजे. याला तर एक पैसा लागत नाही. मूठ बाहेरून, पूर्ण लांबीची. कडेला इंचभर रबराची बोंडं, म्हणजे पत्रा टेकला तरी बोटाला फट राहील. खाली ओढायला एक पट्टा. निलंग्यातला कोणताही चांगला वेल्डर हे करू शकतो. त्याला तसं करायला कोणी सांगितलेलं नाही, एवढंच.

आणि निविदेत एक वाक्य घाला: पेटी वापरणाऱ्यांपैकी सगळ्यात कमी उंचीच्या कामगारानं एका हातानं झाकण उघडून, बंद करून दाखवल्याशिवाय बिल निघणार नाही. खरेदीच्या वेळी त्या कामगाराची सही घ्या. खासगी कार्यालयं आणि हॉटेलांच्या परवान्यालाही हीच अट लावा.

येत्या महिन्यात प्रत्येक तालुक्यातून माहितीच्या अधिकारात एक अर्ज गेला पाहिजे. गेल्या तीन वर्षांत घेतलेल्या कचरापेट्यांच्या निविदेतली तांत्रिक मापं द्या. झाकणाचं वजन किती लिहिलंय? पेटी ताब्यात घेताना चाचणी कोणी केली, तिचा अहवाल द्या. देखभालीची नोंदवही असेल तर तिची प्रत द्या. ठेकेदाराकडच्या कामगारांच्या अपघातांची नोंदवही द्या, आणि ती कोरी असेल तर कोऱ्या पानांची प्रत द्या. अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तोवर प्रत्येक वस्तीतल्या दोघांनी टेप घेऊन आपल्या गावातल्या पेट्या मोजाव्यात, आणि मोजताना ती पेटी रोज उघडणाऱ्या ताईला सोबत घ्यावं. हात कुठवर पोचतो, ते तिलाच विचारून लिहावं.

जयभीम.